गावचे तीन पॉइंट

रेड संपवून मुलगी आपल्या अंगणात परत आली होती. तिने हात वर करून एक बोट दाखवलं. एकीला टच केला, असा तिचा दावा होता. समोरच्या मुली माना हलवून नाही म्हणत होत्या. मध्यरेषेवर मी उभा होतो, निर्णय माझा होता आणि माझा हात वर जात नव्हता.

मी थांबलो होतो. कशासाठी, ते मला कळत नव्हतं.

मैदानाभोवती सगळं गाव बसलं होतं, पण कुणी हूं की चूं करत नव्हतं. पलीकडच्या बाजूला दुसऱ्या पंच, लांडगे मॅडम, माझ्याकडे बघत होत्या. रेड माझ्या बाजूला झाली होती. मधल्या मुलींच्या आडून त्यांना काही दिसलं नसणार. मी लोकांकडे बघितलं. पहिल्या रांगेतला एक माणूस गुडघ्यावर हात ठेवून पुढे सरकला होता. एवढंच. मी हात वर केला आणि गावच्या संघाला एक पॉइंट दिला.

"सर, टच कुनाला?" नेवाशाच्या संघाची कॅप्टन प्रतीक्षा पुढे आली.

ते सांगणं पंचाला भाग असतं. "तुलाच. हाताला."

तिने आधी डावा हात बघितला, मग उजवा. आणि बाहेर जाऊन बसली.

मी नगर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. पंच परीक्षा पास होऊन वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हापासून सुट्टीचा दिवस कुठल्या ना कुठल्या गावच्या कबड्डीच्या मैदानावर जातो. पहिली काही वर्षं मी मॅचची वाट बघायचो. नंतर नंतर ते नुसतं काम झालं. तीच माती, तीच भांडणं, तेच "ओ पंच, डोळे उघडा". गेल्या वर्षी तर मला खरोखर कंटाळा आला होता. यापुढे मला बोलावू नका, असा मेसेज असोसिएशनच्या सेक्रेटरींसाठी टाइप करून ठेवला होता. ही फायनल झाली की पाठवायचा, असं ठरलं होतं.

फायनल मुलींची होती. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेच्या काठी एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या मंडळाची दरवर्षीची स्पर्धा. गावचा संघ आणि नेवाशाचा संघ फायनलला आले होते. आणि त्या दिवशी पहाटे गावातले तात्या वारले. तात्या म्हणजे मंडळाचे सगळ्यात जुने खेळाडू. मैदानाला लागूनच त्यांचं घर. त्यांची मुलगी लांबून यायची होती म्हणून अंत्यविधी संध्याकाळी ठेवला होता.

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा स्पर्धा होणार की नाही यावरच चर्चा चालू होती. पुरुषांची फायनल पुढे ढकलली होती. मुलींची ढकलता येत नव्हती. नेवाशाच्या मुलींच्या परीक्षा तोंडावर होत्या. शिवाय जिल्हा निवड समितीचे एक सदस्य खास हीच मॅच बघायला आले होते. प्रतीक्षाचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. वयाची अट पुढच्या वर्षी तिला आडवी येणार होती. निवड समितीसमोर खेळायची तिला ही एकच मॅच मिळत होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तात्यांच्या धाकट्या भावाने तिढा सोडवला. ते घरातून बाहेर आले आणि मंडळाचे अध्यक्ष बाळूनाना यांना म्हणाले, "खेळू द्या पोरींना. पन वाजवू नका."

मग बाळूनानांनी गावाला सांगितलं. हलगी नाही, माइक नाही, टाळ्या नाहीत, ओरडायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या.

आमचे रेफरी गायकवाड सर म्हणाले, "नाना, शिट्टीचं काय? शिट्टीशिवाय मॅच कशी घ्यायची?"

बाळूनाना बाजूला गेले. दोघा-तिघांशी बोलले. "शिट्टी मारा," ते म्हणाले, "पन बारीक मारा."

अशी ती फायनल सुरू झाली. आणि पाचव्या-सहाव्या रेडलाच तो पॉइंट मी दिला.

कबड्डीत मॅचला दोन पंच असतात, मध्यरेषेच्या दोन टोकांना. त्यांच्यावर एक रेफरी. रेड म्हणजे चढाई. एक खेळाडू समोरच्या अंगणात जाते, कुणाला तरी हात किंवा पाय लावते आणि परत येते. जिला लागला ती बाद. हे सगळं तीस सेकंदांच्या आत होतं. खरा टच तर डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतो. बोटाचं टोक जर्सीला लागलं का, पायाचा अंगठा घोट्याला लागला का, हे पंचाने बघायचं. मी ते इतकी वर्षं बघत आलो, असं मला वाटत होतं.

त्या पहिल्या हाफमध्ये माझा हात आणखी तीनदा उशिरा वर गेला. त्या वेळी माझ्या कानावर फक्त मुलींच्या पायांचा आवाज येत होता. लांबून तात्यांच्या घरातल्या बायकांचं रडणं यायचं आणि थांबायचं. प्रत्येक वेळी रेड संपली की मी थांबायचो. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं.

मी गर्दीची वाट बघत होतो.

हे नीट सांगायला हवं. गावच्या मैदानावर टच झाला की गर्दीतून एक आवाज उठतो, तुटक आणि एकदम. टच झाला नाही पण रेडरने दावा केला, तर वेगळा आवाज येतो, लांबलेला, हेटाळणीचा. पकड सुटणार असेल तर त्याच्या आधीच एक आवाज येतो. कितीतरी वर्षं हे आवाज माझ्या कानात पडत होते आणि माझा हात वर जात होता. माझा हात झपकन वर जातो म्हणून माझं कौतुक व्हायचं. नवीन पंचांना माझं उदाहरण द्यायचे. मीही त्याला अनुभव म्हणायचो. आज आवाज बंद झाला आणि माझ्याकडे काहीच उरलं नाही. डोळे मैदानावर होते, पण ते बघायचं विसरले होते.

त्याच्यामागोमाग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त वाईट होती. गर्दी कुणाची असते? ज्या गावात मॅच, त्या गावाची.

हाफ टाइमला गायकवाड सरांनी मला बाजूला घेतलं. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. माझी पंच परीक्षा त्यांनीच घेतली होती.

"काय रे, जागरण झालंय का? हात किती उशिरा जातोय."

"सर, मला दिसत नाहीये."

"चष्मा विसरलास?"

"चष्मा डोळ्यावरच आहे. सर, मी लोकांच्या आवाजावर निर्णय देत आलोय. आज आवाज नाही तर मला काही कळत नाहीये."

सरांनी इकडे तिकडे बघितलं. "माइक बंद आहे ते बरं झालं," ते म्हणाले. "हे असलं काही कुणी बोलतं का?"

तेवढ्यात नेवाशाचे कोच शेळके सर मोबाईल घेऊन आले. त्यांच्या राखीव खेळाडूने शूटिंग केलं होतं. "बगा सर. तुमच्या डोळ्यानं बगा." रेडरचं बोट आणि प्रतीक्षाचा हात यांच्यात वीतभर अंतर होतं. शंकेला जागाच नव्हती.

गायकवाड सर शांतपणे म्हणाले, "शेळके सर, या स्पर्धेत आपण मोबाईल बघून निर्णय बदलत नाही. मॅचच्या आधी दोन्ही कोचना सांगितलंय."

"मग ह्यो पॉइंट गेला का आमचा?"

"गेला."

शेळके सर माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. तात्यांच्या घराकडे त्यांची नजर गेली आणि ते मोबाईल खिशात टाकून निघून गेले.

गायकवाड सरांनी मला विचारलं, "बाजूला बसतोस का? लाइनमनला उभा करतो तुझ्या जागी. कुणाला काही सांगायची गरज नाही. पोटात दुखतंय म्हणू."

मला हो म्हणायचं होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण एका मुलीचा पॉइंट मी घेतला होता आणि तिला आणखी अर्धी मॅच खेळायची होती. पोटदुखीचं सोंग घेऊन खुर्चीवर बसून ती बघण्याएवढा निगरगट्टपणा माझ्यात नव्हता.

"उभा राहतो," मी म्हणालो.

"मग वर बघू नकोस. पाय बघ. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला? पाय बघायचे आणि दम ऐकायचा."

दम म्हणजे रेडरने 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहणं. समोरच्या अंगणात शिरण्याआधी ते सुरू करायचं आणि परत येईपर्यंत एका श्वासात, स्पष्ट, न थांबता म्हणायचं. मध्ये श्वास घेतला की दम तुटला. दम तुटला की रेडर बाद आणि पॉइंट समोरच्या संघाला, मग तिने कितीही जणींना हात लावलेला असो. खेळाचं नावच त्यावरून आलंय. आणि तो दम ऐकणं हे पंचाचं काम आहे. मी तो शेवटचा कधी ऐकला होता, मला आठवेना.

दुसऱ्या हाफला मी लोकांकडे पाठ केल्यासारखा उभा राहिलो. पाय बघायला लागलो. सुरुवातीला काही कळेना. मग हळूहळू दिसायला लागलं. गावच्या संघाची उजव्या कोपऱ्यातली मुलगी पकड करायच्या आधी डाव्या पायाची टाच उचलायची. नेवाशाच्या दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या असायच्या आणि रेडर जवळ आली की त्या हातांची साखळी ताणली जायची. प्रतीक्षा रेडला यायची तेव्हा तिचं अर्धं वजन सतत मागच्या पायावर असायचं. आणि दम ऐकू यायचा. प्रत्येकीचा वेगळा. एकीचा बारीक, घाईचा. एकीचा मंत्र म्हटल्यासारखा सपाट.

मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी मजाही येत होती. बाजूच्या घरात मयत होतं, माझ्या चुकीचा पॉइंट बोर्डावर होता आणि मला मजा येत होती. याची लाज वाटली. पण कितीतरी वर्षांनी मी कबड्डी बघत होतो, हे खरं आहे.

त्या हाफला माझा एकही हात चुकला नाही. लांडगे मॅडम नंतर तसं म्हणाल्या.

शेवटची रेड आली तेव्हा दोन्ही संघांचे पॉइंट सारखे होते. मी दिलेला तो खोटा पॉइंट धरून सारखे. म्हणजे खरं तर नेवासा एकाने पुढे हवं होतं. रेड प्रतीक्षाची होती. तिने एक पॉइंट आणला की नेवासा जिंकणार होतं. निवड समितीचे सदस्य खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

ती माझ्या बाजूने आत शिरली. डाव्या कोपऱ्यावर जाते आहे असं दाखवून थांबली, मागे आली, पुन्हा गेली. वेळ संपत आला होता. दम मला स्वच्छ ऐकू येत होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मग एक छोटासा आवाज आला, उचकी लागावी तसा. तिने श्वास आत घेतला होता. त्यानंतर तिचा पाय सुटला आणि कोपऱ्यातल्या मुलीच्या घोट्याला लागला. ती वळली आणि मध्यरेषा ओलांडून आली.

टच सगळ्यांना दिसला. कोपऱ्यातली मुलगी स्वतःहून बाहेर निघाली होती. नेवाशाच्या मुली प्रतीक्षाकडे धावल्या.

माझ्याकडे विचार करायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकतो, पण ते खोटं ठरेल. मला सगळं एकदम दिसलं. तो श्वास माझ्याशिवाय कुणी ऐकला नव्हता. नेवाशाचा एक पॉइंट माझ्याकडे होता. मी आता नुसता गप्प बसलो असतो तरी तो परत गेला असता. मुलगी जिंकली असती. मी सुटलो असतो. कुणीही मला चूक म्हणालं नसतं, उलट सगळ्यांनी निर्णय बरोबर दिला म्हटलं असतं.

मी बारीक शिट्टी मारली आणि रेडर बाद असा हात केला.

गायकवाड सर चालत आले. "काय झालं?"

"दम तुटला."

"टच आधी का दम आधी?"

"दम आधी."

"नक्की?"

"ऐकला सर."

त्यांनी लांडगे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्यापासून लांब होती. मी नाही ऐकला. पण नव्हता तुटला, असंही म्हणणार नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग गावच्या संघाच्या बाजूने हात वर केला. गाव एका पॉइंटने जिंकलं.

कुणी ओरडलं नाही. जिंकलेल्या मुलींनी एकमेकींचे हात धरले आणि होत्या तिथेच खाली बसल्या. लोक उठून तात्यांच्या घराकडे जायला लागले.

शेळके सर माझ्याजवळ आले. आवाज त्यांनी खालीच ठेवला. "सर, आज गाव तोंडाला कुलूप लावून बसलं हुतं. तरी तुमी गावालाच दिलं." आणि निघून गेले.

पाण्याच्या टाकीजवळ प्रतीक्षा तोंड धूत होती. मी तिच्याकडे गेलो. पंचाने मॅचनंतर खेळाडूशी असं बोलायला जायचं नसतं. मी गेलो.

"दम तुटला होता ना?" मी विचारलं.

"व्हय सर, तुटला हुता." तिने जर्सीच्या टोकाने तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं नवल होतं. "मला वाटलं न्हवतं तुमी ऐकताल. कुनीच ऐकत न्हाई. गोंगाटात आमी म्हनतच न्हाई सर, नुसतं तोंड हलवितो. आज सगळं गपगार, म्हनून पहिल्यापासनं खरंच म्हनावं लागलं. त्याची सवयच न्हाई राहिली. शेवटी दम पुरला न्हाई."

 मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. "पहिल्या हाफला मी तुला बाद दिलं, ते चुकीचं होतं. मी व्हिडिओ बघितला. मला माफ कर."

"ते व्हय," ती म्हणाली. "ते तर धरलेलंच हुतं."

"काय धरलेलं?"

"गावचे तीन." मला कळलं नाही हे बघून तिने समजावून सांगितलं, एखाद्या नवीन मुलीला सांगावं तसं. "बाहेरगावी खेळायला गेलं की तीन पॉइंट गावचे धरायचे. पंच तेवढे देत्यातच. आमचे सर गाडीत बसल्या बसल्या तेच सांगत्यात. तीन सोडून चौथ्यानं फुडं ऱ्हायचं, मग जिंकलो म्हनायचं."

"पण मी कुणाचं काही घेत नाही," मी म्हणालो. ते वाक्य बोलतानाच मला हलकं वाटलं नाही, उलट जड वाटलं. "मी जेवणसुद्धा स्वतःच्या डब्यातलं जेवतो."

"माहिताय की सर. सगळ्यांला माहिताय." ती सहज म्हणाली. "जे घेत्यात त्यांचे पाच धरतो. तुमचे तीनच."

मग तिला माझी दया आली असावी. "आज तर तुमी एकच दिला. तरी आमी फुडं जाऊ शकलो न्हाई, ती आमची चूक हाय."

मैत्रिणींनी हाक मारली आणि ती गेली.

मी मोटारसायकलवर घरी आलो. रस्ताभर माझ्या डोक्यात तेच होतं. मी जन्मात कुणाकडून काही घेतलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता. आणि जिल्ह्यातल्या मुली माझा दर ठरवून गाडीत बसत होत्या. त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. पाऊस किंवा खड्डे धरून चालावं तसं त्या मला धरून चालत होत्या. किती जणी माझ्या त्या तीन पॉइंटांनी हरल्या असतील, याचा हिशोब करायला लागलो आणि नेटाने थांबवला. तो लागणारा हिशोब नाही.

प्रतीक्षाचं नाव जिल्हा संघात आलं नाही. शेवटच्या रेडला दम टिकत नाही, असं निवड समितीचे सदस्य म्हणाल्याचं गायकवाड सरांकडून कळलं. माझा निर्णय बरोबर होता आणि तिचं नाव त्यामुळेच गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोंगाटाच्या मैदानावर जिंकलेल्या किती मुलींचा दम टिकत होता, ते कुणीच ऐकलेलं नाही, हीसुद्धा खरी गोष्ट आहे.

तो मेसेज मी पाठवला नाही. मला कंटाळा कबड्डीचा आलाय असं मी समजत होतो. कबड्डी मी बघतच नव्हतो, तर तिचा कंटाळा कसा येईल? मला गर्दीच्या आवाजाचा कंटाळा आला होता, आणि तो सगळीकडे सारखाच असतो.

आता मी एक पद्धत ठेवली आहे. हात आधी आणि आवाज नंतर, तर निर्णय माझा. आवाज आधी आला आणि हात नंतर जायला लागला, तर मी हात खाली घेतो आणि रेफरीला बोलावतो. सुरुवातीला फार वेळा बोलावत होतो. गायकवाड सर वैतागायचे. "अरे, मॅच मी एकट्यानेच घेऊ का?" आता कमी बोलावतो. शाळेच्या मुलींच्या सरावाला रोज उभा राहतो, पाय बघतो, दम म्हणायला लावतो. नुसतं तोंड हलवलं की परत पाठवतो. मुली मला शिव्या देत असणार.

मागच्या महिन्यात राहुरीकडच्या एका स्पर्धेत शेळके सर भेटले. त्यांचा संघ बाहेरगावचा होता आणि पंच मी होतो. मॅच संपल्यावर ते चहा पीत उभे होते. मी सरळ विचारलं, "शेळके सर, आता माझे किती धरता?"

ते ओशाळले. पोरगी बोलली वाटतं, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "आता दोन धरतो सर."

"दोन कशाला? आज मी एकही चुकीचा दिलेला नाही."

"न्हाई दिला," ते म्हणाले. "पन धरलेलं बरं असतंय."

पुढच्या हंगामाच्या मॅचेसना मी होकार कळवला आहे. ते दोन अजून माझ्या नावावर आहेत.